गोतिएचा फेरफार

टिपणीसबाई दर गुरुवारी साडेचारला येतात,
नेरूळहून सीवूड्सला, रिक्षाने.
पिशवीत तेरा खतांच्या झेरॉक्स,
मुळात लॅटिन, बाई फ्रेंचमधून मराठीत आणतायत.
त्यांचं अडतं जमिनीपाशी, म्हणून मी.
एकतीस वर्षं भूसंपादनात, शेवटी अव्वल कारकून.
खाजण, शिलोत्र, उघाडी
हे शब्द अजून जिभेवर मिठासारखे.

माणूस असा : गोतिए द ब्रेमाँ,
आठशे वर्षांमागचा, समुद्राकाठचा सरदार.
सरदार म्हणजे काय, बाई म्हणतात,
एक दगडी बुरूज, थोडी मिठागरं
आणि एक घोडा, तोही धड त्याचा नव्हे.
चित्र नाही. जन्मतारीख नाही.
जमीन हलली की तेवढ्यापुरता तो दिसतो,
आमच्या फेरफार वहीतल्या माणसांसारखा.

पहिल्या खतात सात वर्षांचा.
बाप मठाला बांध देतोय,
आणि पोराला हद्दीवर नेऊन कानफटात मारलीय,
हद्द लक्षात राहावी म्हणून.
हे लिहिलंय खतात?
लिहिलंय, साक्षीदारांच्या नावांसकट.
मी चहा ठेवला.
आपल्याकडे दगड पुरायचे, त्याखाली कोळसा,
कोळसा कुजत नाही.
पोरगंही विसरलं नसणार म्हणा.

चौथ्यात लग्न. बायको एलिसांद,
तिच्यासोबत अर्धी पाणचक्की.
अर्धी कशी?
तीन दिवस यांचं दळण, तीन दिवस मेहुण्याचं,
रविवारी पाणी नुसतंच वाहायचं.
सहाव्यात भांडण, मठाच्या डुकरांवरून.
सातव्यात माफी.
आठव्यात तो लढाईला निघालाय, लांब पूर्वेला,
मिठागराचे बारा वाफे लिहून देऊन
चाळीस नाणी आणि एक खेचर घेतलंय.
खेचराचा रंग दिलाय.
त्याच्या डोळ्यांचा कुठेच नाही.

मग अकरा वर्षं कोरी.
बाईंना वाटतं, कैदेत असेल.
मला वाटतं, अकरा वर्षं काही विकलं नाही
म्हणजे बरा असेल कुठेतरी.
नवव्यात परत आलाय. शिक्का बदललाय,
पूर्वी घोडेस्वार होता, आता नुसता मासा.
का ते बाईंनाही माहीत नाही.

बाराव्यावर आम्ही दोन गुरुवार अडलो.
शेवटचं मिठागर देताना गोतिएने,
दोघांनी धरून आणलेल्या म्हाताऱ्याने,
तिथल्या मातीचं ढेकूळ
स्वतःच्या हाताने वेदीवर ठेवलं, सर्वांदेखत.
त्याशिवाय देणं पुरं होत नसे.
याला मराठीत काय म्हणाल?
ताबापावती, मी म्हणालो.
मग म्हणालो, नको, थांबा.

सन शहाऐंशी, करावे गाव, निवाड्याचा दिवस.
जोमा चांगा मोकलने अंगठा लावण्याआधी
कंबरेच्या फडक्यातून ओलं ढेकूळ काढलं,
माझ्या टेबलावर ठेवलं.
खारं पाणी पंचनाम्यात झिरपायला लागलं.
मागे कुणीतरी हसलं.
ओ, उचला ते, मी म्हणालो, कागद भिजतोय.
त्याने उचललं. फडक्यात परत बांधलं, सावकाश,
दोनदा गाठ मारून.
डाग पडलेलं पान मी संध्याकाळी नव्याने लिहिलं.
अक्षर चांगलं होतं माझं.

बाईंना यातलं काही सांगितलं नाही.
त्या जागी सध्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.

तेरावं खत एलिसांदचं, विधवेचं.
नवऱ्याच्या आत्म्यासाठी मठाला
दर साल एक माप मीठ,
जोवर तिथे समुद्र येतो तोवर.
माप म्हणजे किती धरू? बाईंनी विचारलं.
फरा लिहा, मी म्हणालो,
आमचे लोक मीठ फऱ्यानेच मोजायचे.
आमचे, असं मी पहिल्यांदाच म्हणालो.

अवसेच्या उधाणाला आमच्या इमारतीखाली
पार्किंगमध्ये घोटाभर पाणी चढतं.
वॉचमन पंप लावतो, गाड्यावाले बिल्डरला शिव्या देतात.
खारं असतं.
मी बोट बुडवून पाहिलंय.